सहाव्या होडीतील बाई

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही जे सांगितले ते ऐकून ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. किमान वेतन, कंत्राटी पद्धत, फार तर भविष्यनिर्वाह निधी, असे काही आम्ही बोलू अशी त्यांची समजूत. आणि आम्ही म्हणालो, अमेरिकेतील एका श्रीमंत खाणवाल्याच्या बायकोवर बोलतो. चालकांचे सौजन्य असे, की त्यांनी ते मान्य केले. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे रद्दीच्या दुकानातील पुस्तकांचे आणि विरार-डहाणू गाडीतील प्रवासाचे. त्या प्रवासात ह्या बाईंची गाठ पडली आणि ती सुटली नाही.

बुडत्या जहाजाची गोष्ट ह्या किनाऱ्याला नवी नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी पोचायला कित्येक तास लागले. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते, आणि कोकणातल्या कित्येक घरांत ते सुतकात उजाडले. ‘रामदास’वर डेकचे उतारू होते, कोळी होते, सणाला घरी निघालेले गिरणीकामगार होते. त्यांच्यावर चित्रपट निघाले नाहीत. ‘टायटॅनिक’वर निघाले, कारण तिच्यावर लक्षाधीश होते. त्यांतल्याच एक मार्गारेट ब्राऊन.

मात्र ह्या बाई जन्माने लक्षाधीश नव्हत. १८ जुलै १८६७ रोजी मिसूरी प्रांतातील हॅनिबल गावी, आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या टोबिन नावाच्या कुटुंबात त्या जन्मल्या. बाप मजूर. मुलगी तेरा वर्षांची झाली न झाली तोच तंबाखूच्या कारखान्यात कामाला लागली. अठराव्या वर्षी भावाच्या पाठोपाठ कोलोरॅडोतील लेडव्हिल ह्या खाणीच्या गावी गेली, कापडाच्या दुकानात राहिली, आणि १८८६ साली जेम्स जोसेफ ब्राऊन नावाच्या खाणीवरील माणसाशी तिने लग्न केले. नवरा हुशार होता, पण पैसा नव्हता.

पैसा आला तो १८९३ नंतर. त्या वर्षी अमेरिकन सरकारने चांदीची खरेदी थांबविली, चांदीचे भाव कोसळले आणि लेडव्हिलच्या खाणी पटापट बंद पडल्या. ‘लिटल जॉनी’ खाणीत खाली सोने असावे अशी अटकळ होती. पण मध्ये भुसभुशीत वाळूचा थर, खणू लागले की तो ढासळे. ब्राऊन यांनी गवताच्या गठ्ठ्यांनी आणि लाकडी टेकूंनी ती वाळू थोपवून धरली. सोने लागले. कंपनीने त्यांना १२,५०० शेअर दिले आणि संचालक मंडळात जागा दिली. १८९४ साली ब्राऊन कुटुंबाने डेन्व्हर शहरात ३०,००० डॉलरला घर घेतले. टेकू लावणाऱ्या आणि गठ्ठे उतरविणाऱ्या मजुरांना किती शेअर मिळाले, हा प्रश्न आम्ही विचारणारच. उत्तर श्रोत्यांना ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. १८९६ साली लेडव्हिलच्या खाणकामगारांनी रोजाला तीन डॉलर सरसकट मिळावेत म्हणून संप केला. ब्राऊन यांची कंपनी मालकांच्या बाजूला होती. सरकारने सैन्य उतरविले आणि दुसऱ्या वर्षी संप मोडला. मार्गारेटबाईंचे घर तोवर डेन्व्हरला हलले होते. तिथे त्या भाषा शिकत होत्या, मेजवान्या देत होत्या, देवळासाठी वर्गणी जमवीत होत्या. आणि न्यायाधीश बेन लिंडसे यांच्याबरोबर मुलांसाठी वेगळे न्यायालय असावे म्हणून खटपटही करीत होत्या. १९०९ साली नवराबायको विभक्त झाली. बाईंना महिन्याचे ठराविक पैसे मिळू लागले आणि त्या जगभर हिंडू लागल्या.

१९१२ च्या वसंतात त्या युरोपात असताना नातू आजारी असल्याची खबर आली. जे पहिले जहाज मिळाले त्यावर त्या १० एप्रिल रोजी फ्रान्समधील शेरबूर बंदरात चढल्या. ते जहाज ‘टायटॅनिक’. १४ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ते हिमनगावर घासले आणि २ वाजून २० मिनिटांनी तळाला गेले.

इथे थोडे थांबले पाहिजे. जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती. होड्या २०, त्यांत जागा १,१७८. पण ह्यात कायद्याचा भंग नव्हता, हे ध्यानात घ्या. ब्रिटिश व्यापार खात्याचा नियम १८९४ सालचा: दहा हजार टनांवरील जहाजाला सोळा होड्या पुरेत. ‘टायटॅनिक’ ४६,००० टनांचे. जहाजे चौपट-पाचपट झाली, नियम जागचा हलला नाही. आणि कंपनीने तर नियमापेक्षा चार होड्या जास्तच दिल्या होत्या! दाखला चोख, आणि माणसे पाण्यात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना अशा चोख दाखल्यांची ओळख करून द्यायला नको.

आणि कोण वाचले? ब्रिटिश चौकशीने आकडे दिले आहेत. पहिल्या वर्गाच्या १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या. तिसऱ्या वर्गाच्या १६५ स्त्रियांपैकी ७६. तिसऱ्या वर्गाची मुले ७९, वाचली २७. ‘बायकामुले आधी’ हा हुकूम खराच होता, पण तो वरच्या डेकवर दिला गेला होता. खालच्या डेकपासून वरपर्यंत यायला जिने होते, दारे होती, आणि इंग्रजी न कळणारी माणसे होती.

मार्गारेटबाई सहा नंबरच्या होडीत होत्या. ६५ माणसांची होडी. सुटली तेव्हा तीत तीसदेखील नव्हती. योगायोग पाहा, हिमनग ज्याला प्रथम दिसला तो टेहळ्या फ्रेडरिक फ्लीट आणि टक्कर झाली तेव्हा चक्रावर असलेला सुकाणूवाला रॉबर्ट हिचेन्स, दोघेही ह्याच होडीत. वल्ही मारायला पुरुष अपुरे. बाईंनी स्वतः वल्हे घेतले आणि इतर बायकांनाही बसविले. अंगात ऊब राहण्याचा तोच मार्ग होता. जहाज बुडाल्यावर पाण्यातून किंकाळ्या येऊ लागल्या. परत फिरू या, असे बायका म्हणाल्या. हिचेन्सने नकार दिला. बुडणारे होडीला लटकतील आणि आपणही जाऊ, ही त्याची भीती. होडी परत फिरली नाही. चित्रपटांतून ह्या प्रसंगी बाईंचा विजय दाखवितात. तो झाला नाही. एवढेच झाले, की दुसऱ्या एका होडीतून आलेला, काजळीने माखलेला, थंडीने कुडकुडणारा बॉयलरवरचा माणूस बाईंनी पाहिला आणि आपला किमती फरचा शेला त्याच्या पायांना गुंडाळला.

पहाटे ‘कार्पेथिया’ जहाजाने सुमारे सातशे माणसे उचलली. आमच्या मते मार्गारेटबाईंचे खरे काम येथून सुरू होते. त्यांना फ्रेंच, जर्मन येत होते. तिसऱ्या वर्गातल्या परदेशी बायकांशी बोलता येत होते. कोण वाचले, कोणाचे कोण गेले, पुढे कोणाकडे जायचे, ह्याच्या त्यांनी याद्या केल्या. श्रीमंत उतारूंची समिती केली. न्यूयॉर्क येईपर्यंत जवळजवळ दहा हजार डॉलर उभे केले. आणि १८ एप्रिलला जहाज धक्क्याला लागल्यावर स्वतः घाईने उतरल्या नाहीत. निराधार बायकांची सोय होईपर्यंत जहाजावरच राहिल्या.

यादीला आम्ही एवढे महत्त्व का देतो? फार वर्षांपूर्वी बोईसरच्या एका कारखान्यात रात्रपाळीला अपघात झाला. आम्ही फाटकावर होतो. आत किती माणसे, असे विचारले तर हजेरीपटावर आकडा होता तो कायम कामगारांचा. ठेकेदाराच्या माणसांची वही ठेकेदाराजवळ, आणि ठेकेदार मोटारसायकलवरून गावाला गेलेला. बाहेर एक बाई, कडेवर पोर, नवऱ्याचे नाव पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि ते नाव फाटकावरच्या कोणत्याच कागदात नव्हते. पहाटे तो जिवंत सापडला. भाजला होता, पण जिवंत. तोवरचे ते चार तास आम्ही विसरलो नाही.

१९१४ साली कोलोरॅडोतच लडलो येथे कोळसा खाणींचा संप चालू होता. युनियनला मान्यता द्या, कोळसा तोलताना आमचा माणूस ठेवा, कंपनीच्याच दुकानातून माल घ्या ही सक्ती नको, आणि आठ तासांचा कायदा आहे तो पाळा, अशा मागण्या. घरातून हाकललेली कुटुंबे तंबूंत राहत होती. २० एप्रिलला सशस्त्र दलाने तंबूंवर गोळीबार केला, तंबू पेटले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले गुदमरून मेली. खाणी रॉकफेलरच्या. मार्गारेटबाई डेन्व्हरला आल्या. परिचारिका, कपडे, बूट ह्यांची जुळवाजुळव केली, आणि खाणकामगारांच्या हक्कांविषयी उघड बोलल्या. त्याच उन्हाळ्यात न्यूपोर्टच्या धनिकांच्या महालात भरलेल्या स्त्रियांच्या परिषदेतही बोलल्या. खाणीच्या पैशावर जगणाऱ्या बाईने हे बोलणे सोपे नव्हते. डिसेंबरात संप मान्यतेविनाच संपला.

आमचे काही सहकारी म्हणतात, हे दयाबुद्धीचे काम. आले, बूट वाटले, गेले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्याच जिल्ह्यात सुखवस्तू घरातून आलेल्या गोदावरी परुळेकर १९४५ साली वारल्यांमध्ये आल्या, वेठ आणि लग्नगडीविरुद्ध त्यांना उभे केले, आणि आल्या त्या ह्या माणसांच्याच झाल्या. ती जात निराळी. पण संपाच्या सातव्या महिन्यात ज्याने पोरांना अनवाणी पाहिले आहे, तो बूट देणाऱ्याला परत पाठवीत नाही. आम्ही तरी पाठविले नसते.

पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी फ्रान्समधील उद्ध्वस्त गावांसाठी काम केले. १९३२ साली फ्रेंच सरकारने लीजन ऑफ ऑनर हा किताब दिला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर मुलांशी इस्टेटीवरून बेबनाव झाला. २६ ऑक्टोबर १९३२ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातील खोलीत त्या वारल्या. ‘मॉली’ हे नाव नाटक-सिनेमावाल्यांनी मागाहून चिकटविले.

व्याख्यान संपल्यावर सातपाटीच्या एका वृद्ध तांडेलाने उठून विचारले, “साहेब, त्या खलाशांचा पगार कुठवर दिला?” प्रश्न बिनचूक होता. जहाज बुडाले त्या घटकेपर्यंतचा. त्याच एप्रिलच्या २४ तारखेला ‘ऑलिम्पिक’ ह्या जुळ्या जहाजाचे अडीचशेहून अधिक फायरमन, नव्याने चढविलेल्या घडीच्या होड्या कुजक्या आहेत म्हणून जहाज सोडून उतरले. त्यांच्या जागी दुसरी माणसे आणली, तर चोपन्न खलाशी त्यांच्याबरोबर जायला तयार होईनात. त्यांच्यावर बंडाचा खटला झाला. पोर्ट्स्मथच्या न्यायाधीशांनी आरोप शाबीत धरला आणि शिक्षा काहीच दिली नाही. तांडेल म्हणाले, “मग कामावर घेतले ना?” आम्ही म्हणालो, जहाज १५ मे रोजी सुटले.