गठ्ठा कापडाचा, राखण मूळ संख्येची

नागपूरच्या गांधीबागेत कापडाचा ठोक बाजार ऐन भरात असला की हातगाड्या आणि गठ्ठ्यांमधून अंग चोरतच पुढे सरकावं लागतं. गावाकडून आलेला दुकानदार साड्यांचे नग मोजून घेतो, पक्कं बिल करवतो, गल्ल्याजवळचा क्यूआर कोड स्कॅन करतो आणि पिन दाबतो. तो पिन फोनमध्येच कुलूपबंद होतो, मगच पुढे जातो. अशा कुलपांची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे आरएसए. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती १९७७ मध्ये मोठ्या मूळ संख्यांच्या आधारे रचली.

मूळ संख्येला १ आणि ती स्वतः एवढेच विभाजक. अशा दोन संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो, पण गुणाकारावरून त्या दोन हुडकणं महाकठीण. २०४८ बिटांच्या किल्लीतला गुणाकार ६१७ अंकी असतो आणि त्यामागच्या मूळ संख्या सुमारे ३०९ अंकी. २०२० मध्ये अशीच एक २५० अंकी संख्या फोडली गेली. ते काम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर सोपवलं असतं, तर सुमारे २७०० वर्षं चाललं असतं.

नुसतं आकारमान मात्र पुरत नाही.

८०५१ ही संख्या घ्या. ती ८१०० वजा ४९, म्हणजे ९० चा वर्ग वजा ७ चा वर्ग. शाळेतलं वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लावलं की ९७ आणि ८३ हे अवयव लगेच हाती येतात. दोन्ही मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ असतील, तर शेकडो अंकी गुणाकारही याच युक्तीने फुटतो. म्हणून त्या पुरेशा दूरच्या निवडाव्या लागतात.

पण अवयव काढणं इतकं अवघड, तर ३०९ अंकी संख्या मूळ आहे हे ठरवायचं कसं? त्यासाठी अवयव शोधावेच लागत नाहीत. फर्माने १६४० मध्ये सांगितलं, की प मूळ असेल तर २ च्या प व्या घातातून २ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला प ने नि:शेष भाग जातो. ७ साठी १२८ वजा २, म्हणजे १२६, भाग जातो. ९ साठी ५१०. भाग जात नाही, म्हणजे ९ मूळ नाही. ३४१ ही ११ गुणिले ३१ असूनही या कसोटीतून निसटते, म्हणून व्यवहारात याहून कडक कसोट्या लावतात. अशी परीक्षा झटपट आणि बिनचूक करण्याची रीत असू शकते, हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं.

शिवाय या संख्यांचा तुटवडाही नाही. एवढ्या आकाराच्या टापूत सरासरी ७१० संख्यांमागे एक मूळ संख्या सापडते.

धोका आहे तो क्वांटम संगणकाचा. पुरेसा मोठा क्वांटम संगणक अवयव झपाट्याने काढू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं. त्यामुळे अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर न विसंबणाऱ्या नव्या पद्धतींची मानकं जाहीर केली आणि जगभरच्या यंत्रणांचं हे स्थलांतर आता सुरू झालं आहे.