आग दिवाणखान्यात, जीव भिंतीबाहेरच्या नळीत

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात 1 जानेवारी 2026 पासून घराच्या प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा झाला, ही बातमी ज्यांची मुलं-सुना तिकडे आहेत त्यांच्या कानावर एव्हाना आली असेलच. घरात इंधनावर चालणारं एखादं उपकरण असेल, फायरप्लेस असेल किंवा घराला लागून गॅरेज असेल, तर हा नियम लागू. आधी झोपायच्या खोल्यांजवळ अलार्म लावला की भागत असे. आता किती अलार्म घ्यायचे आणि कुठे लावायचे, हे दुकानदार सांगेल. मला सांगायचंय ते ही सक्ती मुळात कुठून आली, त्याबद्दल. ती आली एका लहानशा गावातल्या एका घरातून, आणि त्या घरातल्या गॅसच्या फायरप्लेसमधून.

गावाचं नाव वूडस्टॉक. टोरांटोच्या नैऋत्येला सुमारे 140 किलोमीटरवर, 401 क्रमांकाच्या महामार्गाला लागून. आजूबाजूचा मुलूख दुभत्या जनावरांचा. विक्रमी दूध-लोणी देणाऱ्या स्नो काउंटेस नावाच्या गाईचा पुतळा गावात उभा आहे. 2008 साली तिथे टोयोटाचा मोठा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रांतिक पोलीस दलातल्या कॉन्स्टेबल लॉरी हॉकिन्स, त्यांचे पती आणि दोन शाळकरी मुलं असं सगळं कुटुंब कार्बन मोनॉक्साइडने गेलं. फायरप्लेसमधला जळका वायू बाहेर नेणारी नळी तुंबली होती. बाहेर जायची वाट बंद झाल्यावर तो वायू घरात साचत राहिला. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, डोळे चुरचुरत नाहीत. घरात अलार्म नव्हता.

जॉन गिग्नॅक हे लॉरींचे जवळचे नातलग. ब्रँटफर्डच्या अग्निशमन दलात कॅप्टन होते, निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातल्या आगी विझवलेल्या माणसाच्या आप्तांना एका शोभेच्या आगीने नेलं. या घटनेनंतर त्यांनी लॉरींच्या कुटुंबाच्या नावाने संस्था काढली, ठिकठिकाणच्या अग्निशमन दलांना वाटण्यासाठी अलार्म दिले आणि कायद्यासाठी पाठपुरावा सुरू केला. वूडस्टॉक ज्या मतदारसंघात येतं, त्या ऑक्सफर्डचे आमदार अर्नी हार्डमन यांनी त्यासाठी खासगी विधेयक मांडलं. ते एका फटक्यात झालं नाही, पुन्हा पुन्हा मांडावं लागलं. शेवटी 2013 मध्ये ‘हॉकिन्स गिग्नॅक कायदा’ मंजूर झाला आणि ऑक्टोबर 2014 पासून जुन्या घरांनाही अलार्म बंधनकारक झाला. त्याआधी सक्ती होती ती नव्या बांधकामांना. यंदाचा नियम हा त्याच कायद्याचा पुढचा टप्पा आहे. एका निवृत्त माणसाने दुःख कवटाळून न बसता इतकी वर्षं एकच गोष्ट लावून धरली, म्हणून आज त्या प्रांतातल्या लाखो घरांत भिंतीवर एक डबी लुकलुकते. मला हे फार मोठं काम वाटतं.

तरीही एक खटकतं. अलार्म बोलतो तो नळीने दगा दिल्यानंतर. त्या नळीकडे, म्हणजे व्हेंटकडे, घर घेणारा माणूस बघतच नाही. शोरूममध्ये त्याचा सगळा वेळ जातो तो शोभेची लाकडं ओकची हवीत की बर्चची, काचेचे खडे निळे घ्यायचे की पांढरे, वर टीव्ही बसेल का, यात. भिंतीपलीकडे काय लागणार आहे, हे तो विचारत नाही.

मुळात फायरप्लेस घेतात कशासाठी? वूडस्टॉकसारख्या गावात जानेवारीच्या रात्री पारा उणे दहाच्या आसपास असतो आणि लाट आली की उणे वीसच्याही खाली जातो. घर तापवायला तळघरात फर्नेस असते. ती गॅसवर चालली तरी गरम हवा खोल्यांत ढकलणारा तिचा पंखा विजेवर चालतो. वीज गेली की फर्नेस थंड. जानेवारी 1998 मधल्या बर्फवादळात पूर्व ऑन्टारिओ आणि क्युबेकमध्ये लाखो लोक अंधारात होते, काही ठिकाणी वीज यायला आठवडे लागले. 2013 च्या ऐन नाताळात टोरांटोची तीच गत झाली. अशा वेळी लोक कोळशाची शेगडी घरात आणतात, गॅरेजमध्ये जनरेटर लावतात, आणि थंडीतून वाचलेली माणसं वायूने जातात. तिथे गॅसची फायरप्लेस खरोखर कामाला येते. ती पंख्याविनाही काचेतून उष्णता फेकते. एक खोली तरी राहण्याजोगी राहते, पाण्याचे नळ गोठत नाहीत. खेड्यापाड्यांत, जिथे दुरुस्तीची गाडी सगळ्यांत शेवटी पोचते, तिथे हा खर्च चैनीचा म्हणता येत नाही. बसवण्यासकट साधारण चार ते आठ हजार डॉलर लागतात. जुनी भिंत फोडून नव्याने दगडकाम करायचं ठरवलं तर त्याहून जास्त.

पण वीज नसताना ती पेटेल का, हे घेतानाच विचारायला हवं. जुन्या फायरप्लेसमध्ये एक छोटी पायलट ज्योत बारा महिने तेवत असे. तिच्या उबेवर थर्मोपाइल नावाची दांडी अर्धा-पाऊण व्होल्ट वीज तयार करी आणि तेवढ्यावर गॅसची झडप उघडे. बाहेरच्या विजेची गरजच नव्हती. ही सतत जळणारी ज्योत उगाच गॅस खाते म्हणून 2020 पासून कॅनडाने नव्या फायरप्लेसमध्ये ती बंद केली. आता ठिणगी पाडून पेटवणारी यंत्रणा असते आणि तिला वीज लागते. वीज गेल्यावर ती चालावी म्हणून बॅटरीचा एक कप्पा ठेवलेला असतो. कित्येक घरांत तो खालच्या जाळीमागे लपलेला असल्याने त्यात सेल कधी घातलेच जात नाहीत. वादळाच्या आधी ते तपासा, असं मी तिकडच्या प्रत्येकाला सांगेन.

आता नळीबद्दल. चांगल्या फायरप्लेसला ‘डायरेक्ट व्हेंट’ म्हणतात. समोरची काच पक्की बंद असते, खोलीतल्या हवेशी आगीचा काही संबंध येत नाही. भिंतीतून बाहेर जाते ती एकात एक बसवलेली दुहेरी नळी. आतली साधारण चार इंची, बाहेरची साडेसहा इंचांच्या आसपास. आतल्या नळीतून जळका वायू बाहेर पडतो आणि दोन्हींच्या मधल्या पोकळीतून बाहेरची ताजी हवा आत येते. येता येता ती थोडी तापतेही. जुन्या विटांच्या धुराड्यात बसवायची असेल तर तीन-तीन इंची दोन लवचीक नळ्या वरपर्यंत सोडतात, एक श्वास घ्यायला आणि एक सोडायला. ही रचना इतकी सरळ आहे की तिच्या प्रेमात पडावं. फक्त दोन्ही वाटा मोकळ्या राहिल्या पाहिजेत.

गडबड होते ती बाहेरच्या टोकाशी. भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीवर एक चौकोनी जाळीदार टोपी दिसते. ती उन्हाळ्यात बसवली जाते, तेव्हा खाली हिरवळ असते. जानेवारीत त्याच जागी बर्फाचा ढीग येतो. वाऱ्याने भिंतीशी सरकलेला बर्फ, छपरावरून घसरलेला बर्फ आणि पायवाट मोकळी करताना घरच्यांनीच फावड्याने त्या कोपऱ्यात टाकलेला बर्फ. म्हणून टोपी जमिनीपासून मोजायची नसते, त्या गावात बर्फ जिथपर्यंत साचतो त्याच्याही वर किमान 30 सेंटिमीटर मोजायची असते. उघडणाऱ्या खिडकीपासून, गॅसच्या मीटरवरच्या रेग्युलेटरपासून, शेजाऱ्याच्या हवेच्या झरोक्यापासून अंतर ठेवायचं असतं. वसंतात टोपीत पक्षी घरटं करतात, शेजारी लावलेलं झुडूप दोन वर्षांत तिच्यावर वाकतं. बर्फ पडून गेल्यावर बूट चढवून घराला एक चक्कर मारायची आणि टोपी मोकळी आहे ना ते बघायचं, एवढं काम आहे. ते घरातल्या कोणाचं, हे मात्र आधी ठरलेलं हवं.

फायरप्लेस बसवणाऱ्या माणसाला तिकडे परवाना लागतो. ऑन्टारिओत तांत्रिक सुरक्षेचं प्राधिकरण आहे, टीएसएसए. गॅसच्या तंत्रज्ञांना जी-3, जी-2, जी-1 असे दर्जे आहेत. जी-3 वाल्याला वरच्या दर्जाच्या माणसाच्या देखरेखीखालीच काम करता येतं. घरगुती फायरप्लेस जी-2 वाला बसवतो. तो आधी हिशोब करतो. फर्नेस, पाणी तापवायची टाकी, शेगडी आणि वर ही नवी फायरप्लेस एकाच वेळी चालली तर आहे त्या पाइपातून पुरेसा गॅस येईल का? मग पाइपात दाब भरून दाबमापकावर तो टिकतो का ते बघतो, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधतो. हातच्या माणसाकडून दोन पैसे वाचवून हे काम करून घ्यायचा मोह आपल्या लोकांना होतो. तो टाळावा.

गावाबाहेर शेतवाडीवर गॅसची लाइन पोचत नाही. तिथे अंगणात प्रोपेनची टाकी असते. हा गॅस उणे 42 अंशांपर्यंत वाफ होऊ शकतो, म्हणून तिकडच्या थंडीत चालतो. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ब्युटेनचा वाटा मोठा, आणि ब्युटेन शून्याच्या जरा खालीच वाफ व्हायचं थांबतो. लडाखच्या हिवाळ्यात सिलिंडर रुसतो तो याच कारणाने. प्रोपेनसाठी बर्नरचं भोक बारीक लागतं, लाइनच्या गॅससाठी मोठं. लाइनच्या गॅसची फायरप्लेस भोक न बदलता प्रोपेनवर लावली, तर ज्योत भडकते आणि काजळी धरते. शिवाय प्रोपेन हवेहून जड असल्याने गळला तर तळघरात जाऊन बसतो.

ज्योतीचा रंग हाही कळीचा मुद्दा आहे. स्वयंपाकघरात निळी ज्योत पिवळी झाली, भांड्यांची बुडं काळी पडू लागली, की घरातली बाई लगेच ओळखते: बर्नर साफ करायला झाला. फायरप्लेसमध्ये हीच पिवळी ज्योत मुद्दाम आणलेली असते, कारण निळ्या ज्योतीकडे बघत कोणी बसत नाही. पिवळेपणा म्हणजे काजळीचे तापलेले कण, म्हणजे थोडं अपुरं ज्वलन. म्हणूनच त्या ज्योतीमागची नळी निर्धोक असणं इथे जास्त गरजेचं. नळीच नसलेल्या, धूर खोलीतच सोडणाऱ्या फायरप्लेसही मिळतात. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत त्या चालतात, कॅलिफोर्नियाने मनाई केली आहे, कॅनडात त्यांना परवानगी नाही. विक्रेते म्हणतात, उष्णता पूर्ण वापरली जाते. पण एक घनमीटर गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. बंद घरात ती खिडक्यांवर ओघळते, भिंतींना बुरशी आणते, आणि ज्वलन बिघडलं तर विष पण त्याच खोलीत. माझ्या मते अशी वस्तू विकायलाच बंदी हवी.

हिवाळ्यात नातवंडांसोबत राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी एक सूचना. समोरची काच दोनशे अंशांच्या वर तापते आणि आग विझवल्यानंतरही बराच वेळ तशीच राहते. रांगतं मूल उजेडाकडे जाऊन दोन्ही हात टेकतं. 2015 पासून नव्या फायरप्लेससोबत काचेपुढे लावायची जाळी येते. ती दिसायला आडवी येते म्हणून माळ्यावर टाकलेली असेल, तर खाली काढून लावायला सांगा.

गॅसचे दिवस भरत आलेत, हेही खरं. मॉन्ट्रियल शहराने 1 ऑक्टोबर 2024 पासून तीन मजल्यांपर्यंतच्या नव्या लहान इमारतींत तो वापरायला मनाई केली. नवी घरं हीट पंपाकडे वळताहेत. पण बसवून झालेल्या फायरप्लेस पुढची वीस वर्षं तरी जळत राहणार.

आणि आपल्याकडे? पुणे, नाशिक, मुंबई, दर थंडीत कुठल्या ना कुठल्या न्हाणीघरात गॅस गिझरखाली तरुण माणूस मेल्याची बातमी येते. तीच गॅसची ज्योत, तोच वायू, आणि खिडकी थंडीमुळे बंद. रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. डोकं दुखतं, मळमळतं, गळून जायला होतं, फ्लू आला असं वाटतं, फक्त ताप नसतो. वूडस्टॉकच्या एका घरामुळे एका प्रांताने कायदा केला. आपण अजून दर वेळी शवविच्छेदनाच्या अहवालाची वाट बघतो. गिझर न्हाणीघराबाहेर, वाहत्या हवेत बसवायचा आणि पाइपाने पाणी आत घ्यायचं, एवढा साधा नियम गृहनिर्माण संस्थांना आजही स्वतःपुरता करता येईल. त्यासाठी विधानसभेची गरज नाही.

अलार्म ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो भिंतीवरून उतरवून मागची तारीख वाचावी. आतला संवेदक सात ते दहा वर्षं चालतो. नंतर बटण दाबलं की आवाज येतो, पण वायू ओळखता येईलच असं नाही. 2014 च्या सक्तीनंतर ऑन्टारिओत घाईघाईने लावलेल्या अलार्मची मुदत आता संपली आहे.