वीट वाजवून घ्या

श्रोतेहो, आठवड्याच्या बाजारात मडके घ्यायला गेलेली आजी काय करते? मडके उचलते, उजेडाकडे धरते, बोटाच्या पेराने चार ठिकाणी वाजवते आणि मगच पैशाला हात घालते. त्याच घरात गाडीभर विटा यायच्या असल्या, की आपण विचारतो एवढेच : “हजाराला काय भाव?” वीट म्हणजेही भाजलेली मातीच ना? मग ती न वाजवता का घ्यावी?

त्यातून घराच्या आतले काम असले, म्हणजे एखादी आडभिंत, न्हाणी किंवा स्वयंपाकाचा ओटा, तर पुष्कळांचा समज असा, की आत ऊनपाऊस कुठे लागतो, तेव्हा कशीही वीट चालेल. मीही याच समजुतीत होतो. गावाकडच्या घरात माजघराची एक बाजू घेऊन न्हाणी काढली आणि मध्ये चार इंची भिंत घातली. विटा स्वस्त मिळाल्या. वरचे थर लालबुंद होते, खालचे मी पाहिलेच नाहीत. पहिला पावसाळा सरला नाही तोच गिलाव्याला रुपयाएवढे खळगे पडले. भिंतीचा खालचा भाग ओला राहू लागला, त्यावर पांढरा लोणा फुलला. आईचे अंथरूण त्याच भिंतीशी असे. अखेर भिंत उतरवावी लागली आणि खर्च दुसऱ्यांदा झाला. गवंडीमामांना बोल लावायला गेलो, तर ते शांतपणे म्हणाले, “मास्तर, भिंत मी बांधली, पण वीट तुम्ही आणलीत.”

त्या दिवसापासून मी वीट पारखायला शिकलो. ते शिक्षण असे.

पहिली गोष्ट, नमुना. गाडी रिकामी होण्याआधी वरून, मधून, तळातून आणि चारी बाजूंनी मिळून वीसेक विटा काढाव्यात. विकणारा स्वतः काढून देईल त्या घेऊ नयेत.

दुसरी, डोळा. कडा सरळ, कोपरे काटकोनात आणि रंग सारखा हवा. पिवळट, फिकट वीट बहुधा कच्ची असते. काळपट, काचेसारखी वितळलेली, वेडीवाकडी ती खंगर. खंगर टणक असते खरी, पण तिला माल नीट धरत नाही, म्हणून आडभिंतीत ती नको. मात्र रंगावर सगळा भरवसा ठेवू नये. मातीत लोह कमीजास्त असले, की लाली कमीजास्त होते.

आता माप. १९० × ९० × ९० मिलिमीटर हे आपल्याकडचे प्रमाणित माप. अशा वीस विटा लांबीने एका रांगेत लावल्या, तर रांग ३७२० ते ३८८० मिलिमीटरच्या आत बसावी, असे भारतीय मानक सांगते. गावोगावची मापे निराळी असतात. तुमच्या भट्टीचे माप कोणतेही असो, विटा आपसात सारख्या हव्यात. चार इंची भिंतीत वीट लहानमोठी झाली, की एक बाजू साधली तरी दुसरी उंचसखल होते आणि ती गिलाव्याने भरून काढावी लागते. दहा फूट लांब, दहा फूट उंच भिंतीवर अर्धा इंच गिलावा जास्त चढला, तर चार घनफुटांहून अधिक माल वाया जातो. स्वस्त विटेने वाचवलेले पैसे असे सिमेंटात जातात.

तिसरी, नख आणि कान. विटेवर नखाने ओढा. ओरखडा उमटला तर वीट कच्ची. दोन कोरड्या विटा एकमेकींवर हलके आपटा. खणखणीत वाजली तर पक्की, बद्द वाजली तर कच्ची किंवा आतून तडकलेली. ओली वीटही बद्दच वाजते, तेव्हा आधी वाळवून घ्यावी. मग एखादी वीट सुमारे तीन फुटांवरून टणक जमिनीवर सोडा. चांगली वीट सहसा फुटत नाही. एक वीट मुद्दाम फोडून आतही पाहावी. पोत एकसारखा, पोकळ्या नाहीत, खडे नाहीत, असे असावे.

खड्यांचे विशेष सांगतो. आपल्या काळ्या रानात चुनखडीचे खडे फार. ते मातीबरोबर भट्टीत गेले, की भाजून त्यांची चुन्याची कळी होते. कळीवर पाणी पडले म्हणजे ती कशी फुगते, हे पान खाणाऱ्यांना सांगायला नको. तीच कळी भिंतीत ओल लागताच फुगते आणि गिलावा उडवते. माझ्या भिंतीचे खळगे ते हेच. यासाठी चार-सहा विटा काही दिवस पाण्यात ठेवाव्यात. ज्यांत कळी असेल त्या तडकतील, त्यांचे टवके उडतील.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी दोन प्रयोग वर्गात जरूर करावेत. पूर्ण वाळलेली वीट तोलावी, चोवीस तास पाण्यात बुडवावी, पुसून पुन्हा तोलावी. नेहमीच्या बांधकामाच्या विटेने आपल्या वजनाच्या शेकडा २० पेक्षा अधिक पाणी पिऊ नये. म्हणजे तीन किलोची वीट सहाशे ग्रॅमपर्यंत. न्हाणीच्या भिंतीला ही परीक्षा फार महत्त्वाची. दुसरा प्रयोग लोण्याचा. पसरट थाळीत इंचभर पाणी घालून वीट उभी ठेवावी. पाणी आटले की पुन्हा तेवढेच घालून आटू द्यावे. विटेवर पांढरी बुरशीसारखी साय धरली, तर मातीत क्षार आहेत. पाणी मात्र पावसाचे घ्यावे. विहिरीच्या पाण्यात स्वतःचेच क्षार असतात, आणि दोष उगाच विटेवर यायचा.

हल्ली औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेच्या विटाही मिळतात. त्या भट्टीत भाजत नाहीत, पाणी मारून मुरवतात. त्यांचा रंग करडाच असायचा, त्यामुळे लालीची कसोटी त्यांना लावू नये. माप, कडा आणि पाण्यातली परीक्षा मात्र त्यांनाही चुकत नाही. कडा हाताने झडत असतील, तर मुरवणी अपुरी समजावी.

वीट पसंत पडली, तरी एक काम उरते. भट्टीची वीट बांधण्यापूर्वी चांगली भिजवावी. कोरडी वीट मालातले पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो.

धाराशिव जिल्ह्यात तेर येथे त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर हजार वर्षांहून अधिक काळ उभे आहे. आपल्याला हजार वर्षांची भिंत नको, पण लेकरे शेजारी निर्धास्त झोपतील अशी हवीच. तेव्हा गाडी दारात आली, की तिला चटकन रिकामी होऊ देऊ नका. घटकाभर थांबवा. आजी मडके वाजवते, तशी वीट वाजवा आणि मगच पैसे मोजा.