ॲव्हार लोकांचे मूलस्थान : आनुवंशिक पुरावा

सहाव्या शतकात पूर्वेकडील गवताळ प्रदेशातून मध्य यूरोपात आलेल्या ॲव्हार या भटक्या, अश्वारूढ लोकांच्या मूलस्थानाविषयी प्राचीन सांगाड्यांतील डीएनएच्या परीक्षणातून उपलब्ध झालेला पुरावा. इ. स. ५५८ मध्ये ॲव्हारांचे दूत कॉन्स्टँटिनोपलला सम्राट पहिला जस्टिनियन याच्या दरबारी आले. ५६७–५६८ मध्ये त्यांनी कार्पेथियन खोरे, म्हणजे हल्लीचा हंगेरी व लगतचा प्रदेश, व्यापले. शार्लमेनच्या मोहिमांनी (७९१–७९६) त्यांची सत्ता मोडली. कॉकेशसमधील दागेस्तानात राहणारे हल्लीचे ॲव्हार त्याच नावाचे असले, तरी त्यांचा विचार येथे केलेला नाही.

ॲव्हारांचा स्वतःचा लिखित इतिहास उपलब्ध नाही. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले, ते बहुतांशी त्यांच्या शत्रूंनी. मंगोलियातील रौरान किंवा ज्वान-ज्वान साम्राज्य तुर्कांनी ५५२–५५५ च्या सुमारास नष्ट केले व त्यानंतर थोड्याच वर्षांत ॲव्हार पश्चिमेस दिसू लागले. यावरून ते रौरानांचे वंशज असावेत, असे अनुमान करण्यात आले. परंतु सातव्या शतकातील बायझंटिन इतिहासकार थिओफिलॅक्ट सिमोकॅटा याने त्यांना तोतये ठरविले : दुसऱ्याच जमातींनी हे दरारा असलेले नाव धारण केले, असे तो म्हणतो. ॲव्हारांना आपले पळालेले प्रजाजन मानणाऱ्या तुर्कांना हे मत सोयीचेच होते. हा वाद दीर्घकाळ अनिर्णित राहिला.

मायटोकाँड्रियातील डीएनएवरून केवळ मातृवंश व वाय गुणसूत्रावरून केवळ पितृवंश कळतो. संपूर्ण जीनोमवरून मात्र सर्व पूर्वजांचा वारसा अजमावता येतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६६ व्यक्तींचे जीनोम तपासण्यात आले. त्यांत कुनबाबोनी येथे १९७१ मध्ये सापडलेल्या सुवर्णसंपन्न दफनासारख्या उच्चपदस्थांच्या थडग्यांचा समावेश होता. या सरदारवर्गाचा वारसा प्रामुख्याने ईशान्य आशियाई असून रौरानकालीन मंगोलियातील एका व्यक्तीच्या जीनोमशी त्याचे निकटचे साम्य आढळले. काही व्यक्तींत २० ते ३० टक्के वारसा उत्तर कॉकेशस व पश्चिमेकडील गवताळ प्रदेशाशी जुळणारा होता. मंगोलियापासून कॉकेशसपर्यंतचे ५,००० किमी.हून अधिक अंतर ॲव्हारांनी अवघ्या काही वर्षांत तोडले असले पाहिजे. मात्र रौरानकालीन नमुना एकच असल्याने या साम्याचा आधार अरुंद आहे, हे लक्षात ठेवणे इष्ट. शिवाय जीनोमवरून वंश कळतो, नाव कळत नाही. त्यामुळे थिओफिलॅक्टचा आक्षेप पूर्णतः निकालात निघत नाही.

हंगेरीतील चार दफनभूमींतील ४२४ व्यक्तींच्या अभ्यासाने (२०२४) समाजरचनेवर प्रकाश टाकला. नऊ पिढ्यांपर्यंतच्या वंशावळी त्यातून सिद्ध झाल्या. पुरुष पित्याच्या वस्तीतच राहत, स्त्रिया बाहेरून विवाह करून येत. पतीच्या निधनानंतर त्याच्या भावाशी किंवा अन्य निकटच्या आप्ताशी विधवेचा संबंध जुळल्याचीही उदाहरणे मिळतात. स्टेप प्रदेशातील पशुपालक समाजांत ही प्रथा परिचित आहे.

मात्र ॲव्हार राज्यातील सर्वच प्रजा पूर्वेकडून आली नव्हती. व्हिएन्नाच्या दक्षिणेकडील लेओबर्सडॉर्फ व मोडलिंग येथील ७२२ व्यक्तींच्या अभ्यासात (२०२५) पहिल्या ठिकाणचे लोक मुख्यतः पूर्व आशियाई, तर दुसऱ्या ठिकाणचे यूरोपीय वंशाचे आढळले. कमरपट्टे, अलंकार, दफनविधी दोन्हीकडे सारखेच. नुसत्या उत्खननावरून त्यांत भेद करणे अशक्य होते. तरीही पिढ्यान्‌पिढ्या या दोन वस्त्यांत रक्तसंबंध जवळजवळ जुळलेच नाहीत.