जिप्समची भिंत

विटेच्या भिंतीला सरावलेल्या आपल्या मनाला कागदात गुंडाळलेल्या जिप्समच्या तक्त्याविषयी अविश्वास वाटावा हे स्वाभाविकच आहे. परंतु पुण्यात एका कचेरीचे दालन दुभागण्याचे काम जवळ उभे राहून पाहिल्यापासून या भिंतीविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न झाला आहे. प्रथम लाइनदोरी मारून जमिनीला व छताला जस्ती पत्र्याचे चॅनेल बसले, त्यांत सुमारे दोन-दोन फुटांवर स्टड ओळंब्यात उभे राहिले, आणि मग 12.5 मिलिमीटर जाडीचा बोर्ड पुढे आला. कारागिराने दर्शनी कागदावर कटरने एकच रेघ ओढली, मागून गुडघ्याचा हलका रेटा दिला, तसा आतला गाभा त्या रेघेवर सरळ तुटला. मागचा कागद कापताच दोन तुकडे निराळे झाले. स्क्रू मारताना मात्र त्याचा हात विलक्षण जपून चाले, कारण स्क्रूचे डोके किंचित आत गेले पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. बोर्डाचे पुष्कळसे बळ त्या कागदातच असते.

बोर्डाचा गाभा ज्याचा, त्या राजस्थानात नागौर-बिकानेरकडे सापडणाऱ्या जिप्सम या खनिजाच्या वजनाचा सुमारे 21 टक्के भाग म्हणजे स्फटिकात बद्ध झालेले पाणी. भाजून त्यातले पाऊण पाणी घालविले की प्लास्टर होते, आणि गमावलेले पाणी परत मिळताच ते पूर्ववत घट्ट होते. 1894 साली ऑगस्टीन सॅकेट या अमेरिकन गृहस्थाने कागद व प्लास्टर यांचे थर एकत्र करून तक्ता बनविण्याचे पेटंट घेतले, त्याच्या मुळाशी हाच गुणधर्म आहे. आग लागली असता हे पाणी वाफ होऊन निघू लागते, आणि ते संपेपर्यंत भिंतीच्या पलीकडील अंगाचे तापमान शंभर अंशांच्या फारशी वर चढत नाही.

या भिंतीची खरी परीक्षा सांध्यात होते. दोन बोर्डांच्या निमुळत्या कडांमधील खोलगट भागात मसाला भरून त्यावर कागदी पट्टी दाबायची, खाली हवा राहू द्यायची नाही, आणि प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद, पण पहिला पूर्ण वाळल्यावरच द्यायचा, असा या कामाचा दस्तूर आहे. घाईत दिलेला दुसरा हात त्या दिवशी साफ दिसतो. तडा रंगकामानंतर उमटतो, आणि दोष मात्र बिनदिक्कत बोर्डाच्या माथी मारला जातो. काम करवून घेणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की जागेचा ताबा घेण्याची तारीख मुक्रर करताना सांधे वाळण्याचे दिवस त्यात आधीच धरावेत. पावसाळ्यात तर ते अधिकच धरावेत.