इतिहासाची नोंद पारखताना: मंडळापासून विकिपीडियापर्यंत

भारत इतिहास संशोधक मंडळ ७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी स्थापन केले. मंडळाची वास्तू पुण्याच्या सदाशिव पेठेत आहे. त्याआधी, १८९८ पासून, राजवाडे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापतच होते. आधी अस्सल कागद, मग इतिहास, हा त्यांचा आग्रह मंडळाने पुढे चालवला.

या आग्रहाची कसोटी शिवजन्मतिथीच्या वादात लागली. उत्तरकालीन बखरींनी शके १५४९ची वैशाख शुद्ध द्वितीया रूढ केली होती. कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली लोकमान्य टिळकांनी मिळवली आणि ती १९१६ साली प्रसिद्ध झाली. तिथीवार, त्रोटक, कसलाही अलंकार नसलेल्या त्या टिपणांत शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, निघाली. एकट्या शकावलीवर निकाल लागला नाही, हे महत्त्वाचे. शिवकालीन कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ १९२७ साली स. म. दिवेकरांनी छापले, त्यातही तीच तिथी होती. जोधपूरकडच्या कुंडलीनेही तिला दुजोरा दिला. एकमेकांवरून न उतरवलेली ही साधने होती. उलट, एकीवरून दुसरी उतरलेल्या दहा बखरी म्हणजे एकच साक्ष. राज्य शासनाने ही तारीख २००१ साली स्वीकारली.

दरम्यान मराठीत कोशही उभे राहत होते. डॉ. श्री. व्यं. केतकरांचा ज्ञानकोश २३ खंडांत पुरा झाला. पुढे वाईच्या मराठी विश्वकोशाने नोंदीखाली लेखकाचे नाव आणि संदर्भ देण्याची शिस्त पाळली.

१ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि नोंद कोणालाही लिहिता येऊ लागली. तिथे संपादकाने स्वतः मोडी कागद वाचून निष्कर्ष काढायचा नसतो. प्रकाशित, विश्वासार्ह ग्रंथांवर विसंबायचे असते. त्यामुळे संदर्भांची संख्या मोजून लेखाचा दर्जा ठरत नाही. दिलेल्या पानावर ते विधान खरोखर आहे का आणि तो ग्रंथ कोणत्या साधनावर उभा आहे, हे पाहावे लागते. नुसते ‘साधने, राजवाडे’ लिहिणे म्हणजे संदर्भ न देण्यासारखेच; खंड आणि लेखांक हवाच. कादंबरी आणि चित्रपट इथे साधन ठरत नाहीत.

भाषेचीही पारख त्यातच आली. ‘महाराजांनी अतुलनीय पराक्रमाने शत्रूची दाणादाण उडवली’ या वाक्यात स्थळ नाही, तिथी नाही, सैन्य नाही; त्याखाली संदर्भ तरी कशाचा देणार? विशेषणे काढल्यावर तपासण्याजोगे काही उरत नसेल, तर ते वाक्य पोवाड्यात शोभेल, कोशात नाही. साधनांत मतभेद असेल तिथे दोन्ही तिथी, त्यांचे आधार आणि अभ्यासकांचा कौल नोंदवावा लागतो.