लहरींची वहिवाट

‘ध्वनिलहरींचा लिलाव’ हा शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांनी रूढ केला. तो शास्त्रदृष्ट्या सदोष आहे. ध्वनिलहरी म्हणजे आवाजाच्या लहरी. त्यांचा लिलाव होत नाही. रेडिओ-वर्णपटातील एखादा पट्टा ठरावीक मुदतीपुरता वापरण्याचा हक्क तेवढा लिलावात विकला जातो. दोष केवळ परिभाषेचा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु या शब्दामुळे मूळ प्रश्न दृष्टीआड होतो. शासनाच्या वापरातील पट्टा व्यापारी भ्रमणध्वनी सेवेसाठी मोकळा केला जातो, तेव्हा कोण कोणाला नेमके काय देतो?

लहर वापरल्याने संपत नाही. २१०० मेगाहर्ट्झच्या आसपासची, सुमारे १४ सेंटिमीटर लांबीची लहर आज वापरली म्हणून उद्या कमी पडत नाही. मात्र एकाच परिसरात, एकाच वेळी, एकाच वारंवारतेवर दोघांनी प्रक्षेपण केले तर दोघांचेही संदेश बिघडतात. म्हणून वर्णपटाची वाटणी अटळ ठरते. भारतात भ्रमणध्वनी सेवा १९९५ साली सुरू झाली. सैन्यदलांचे बिनतारी दळणवळण त्याच्या कितीतरी आधीचे. साहजिकच पट्टा मोकळा करणे म्हणजे नवे काही निर्माण करणे नव्हे, तर जुन्या वापरकर्त्याची अन्यत्र सोय लावणे होय.

या दृष्टीने जयपूरचे उदाहरण उद्बोधक आहे. राजस्थान हे दूरसंचाराचे स्वतंत्र परिमंडळ असून त्याचे केंद्र जयपूर आहे. भूदलाच्या नैर्ऋत्य कमांडचे मुख्यालयही २००५ पासून तेथेच आहे. वर्णपटाचे दोन्ही दावेदार एकाच नगरात नांदतात. निर्णय मात्र दिल्लीत झाला. २२ मे २००९ रोजी दूरसंचार विभाग व संरक्षण मंत्रालय यांच्यात करार झाला. त्यानुसार सैन्यदलांनी टप्प्याटप्प्याने वर्णपट सोडायचा आणि त्याच्या बदल्यात त्यांना प्रकाशतंतूंचे स्वतंत्र जाळे उभारून द्यायचे, असे ठरले. वायुदलाचे जाळे सप्टेंबर २०१० मध्ये कार्यान्वित झाले. उर्वरित जाळ्यासाठी २०१२ साली मंजूर झालेला १३,३३४ कोटी रुपयांचा खर्च २०१८ मध्ये २४,६६४ कोटींवर गेला. दुसऱ्या बाजूस, २०१० च्या तिसऱ्या पिढीच्या लिलावातून शासनाला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले.

तथापि मोकळीक सर्वत्र सारखी नसते. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सैन्यासाठी संरक्षण-पट्टा निश्चित केला आणि आंतरराष्ट्रीय सीमेपासून १०० किलोमीटरपर्यंतचे संरक्षण-हितक्षेत्रही मान्य केले. राजस्थानची सुमारे १,०७० किलोमीटर सीमा पाकिस्तानला भिडलेली आहे. जयपूर या क्षेत्राबाहेर पडते. जैसलमेर-बाडमेरकडील सीमावर्ती गावे त्यात येतात. शिवाय केवळ उपलब्धतेनेही भागत नाही. रद्द झालेल्या परवान्यांमुळे परत आलेला १८०० मेगाहर्ट्झचा पट्टा नोव्हेंबर २०१२ मध्ये लिलावास काढला असता राजस्थानसाठी एकही बोली आली नाही. आधारभूत किंमत परवडली नाही, तर मोकळा पट्टा पडूनच राहतो.

या साऱ्या व्यवहाराची भाषा जमिनीची आहे. पट्टा, ताबा, सोडवणूक हे शब्द तर स्पष्टच आहेत; फेरवाटपासाठी रूढ असलेल्या ‘रीफार्मिंग’ या इंग्रजी संज्ञेतही शेतच दडलेले आहे. मराठी महसुली भाषेने मालकी आणि वहिवाट यांत फरक केला आहे, तो येथे विशेष उपयोगी पडतो. सैन्याकडे होती ती वहिवाट. लिलावानंतर कंपनीकडे येते तीही, साधारणतः २० वर्षांची, वहिवाटच. राजस्थानातील गोचर किंवा महाराष्ट्रातील गायरान ज्या अर्थाने गावाचे, त्याच अर्थाने वर्णपट लोकांचा. भेद इतकाच, की गायरानातले गवत चरून संपते, लहर संपत नाही. त्यामुळे वर्णपट न वापरता अडवून ठेवणे हे अधिकच अनुचित ठरते.

ही भूमिका न्यायालयानेही मांडली आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचे नियमन लोकहितासाठी सार्वजनिक यंत्रणेने केले पाहिजे, असे प्रतिपादन केले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात केंद्र शासन हे जनतेच्या वतीने वर्णपटाचे मालक मानले आहे. संरक्षणासारख्या उपयोगांसाठी त्याचे वाटप लिलावाविना करण्याची तरतूदही त्यात आहे.

‘जनतेच्या वतीने’ हे शब्द गांभीर्याने घ्यायचे, तर वर्णपटाच्या मुक्ततेचे मूल्यमापन केवळ तिजोरीत जमा झालेल्या रकमेवरून करता येणार नाही. सैन्याची पर्यायी व्यवस्था वेळेत पूर्ण झाली काय, आणि सोडलेला पट्टा जयपूरप्रमाणे थरच्या वाळवंटातील वस्तीलाही उपयोगी पडला काय, हे दोन प्रश्न विचारावे लागतील. वहिवाट बदलली तरी मालक तोच राहतो, आणि हिशेब मागण्याचा अधिकारही त्याचाच.